हिट की एरर : बेसबॉलच्या गुणलेखकाचा निवाडा

अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या बेसबॉल मैदानावरील धावफलकाकडे पाहिले असता प्रत्येक संघाच्या नावापुढे नऊ डावांची नऊ घरे आणि त्यांच्या शेवटी तीन आकडे दिसतात. पहिला आकडा धावांचा, दुसरा हिटचा आणि तिसरा एररचा. यांपैकी धावा मोजण्यास साधी नजर पुरते. खेळाडू तिन्ही बेसना वळसा घालून पुन्हा मूळ जागी, म्हणजे होम प्लेटवर, पोहोचला की धाव झाली, आणि तो पोहोचला किंवा नाही हे पंच सांगतो. उरलेल्या दोन आकड्यांची गोष्ट वेगळी आहे. फलंदाज चेंडू टोलवून धावला आणि पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला, एवढे सर्वांनाच दिसते. तो आपल्या टोल्याच्या बळावर पोहोचला की समोरच्या क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे, हे मात्र मैदानावरील कोणीही ठरवीत नाही. ते ठरविणारा मनुष्य वर वार्ताहरांच्या कक्षात बसलेला असतो. त्याच्या अंगावर पंचाचा पोशाख नसतो, प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना त्याचे नाव ठाऊक असते, आणि त्याच्या निर्णयाने सामन्याच्या निकालात तिळमात्र फरक पडत नाही. असे असूनही खेळाडूंचा रोष त्याच्या वाट्याला पंचाइतकाच येतो. ह्या मनुष्याला अधिकृत गुणलेखक म्हणतात.

क्रिकेटशी परिचित असलेल्या भारतीय वाचकाला हा अधिकार प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. क्रिकेटचा गुणलेखक पंचाच्या खुणांचा ताबेदार असतो. पंचाने हात वर करून बाय दर्शविली की त्याने बाय लिहावयाची. स्वतःचे मत बाजूलाच ठेवावयाचे. झेल सुटला तर त्याची अधिकृत धावसंख्येत कोठेच दाद लागत नाही. शून्यावर जीवदान मिळालेल्या फलंदाजाने पुढे शतक झळकावले तर ते शतकच असते, आणि ज्या गोलंदाजाच्या चेंडूवर तो झेल सुटला त्याला आपल्या दुर्दैवाला बोल लावण्यापलीकडे काही करता येत नाही. बेसबॉलने ह्या ठिकाणी निराळी वाट धरली. मैदानावर काय घडले एवढ्याचीच नोंद त्याला पुरेशी वाटली नाही; जे घडले त्याचे श्रेय वा दोष कोणाचा, हेही वहीत लिहिले गेले पाहिजे असा आग्रह त्याने धरला.

गंमत अशी की हा आग्रह धरणारा मनुष्य क्रिकेटच्याच मुलखातून आलेला होता. हेन्री चॅडविक याचा जन्म १८२४ साली इंग्लंडमधील एक्झेटर येथे झाला. बालपणीच तो कुटुंबासह अमेरिकेत आला आणि ब्रुकलिनमध्ये वाढला. तरुणपणी तो वृत्तपत्रांसाठी क्रिकेटचे वृत्तांत लिहीत असे. पुढे बेसबॉलच्या प्रेमात पडून त्याने आपली लेखणी त्या खेळाला वाहिली. क्रिकेटच्या गुणपत्रकाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून त्याने बेसबॉलसाठी 'बॉक्स स्कोअर' हा संक्षिप्त तक्ता रुजविला, आणि त्यात खेळाडूच्या चुकांनाही जागा दिली. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा नामांकित सुधारक एडविन चॅडविक हा त्याचा सावत्र बंधू. एकाने शहरांतील गटारांचा आणि मृत्यूंचा हिशेब मांडला, तर दुसऱ्याने सुटलेल्या चेंडूंचा. आकड्यांनी माणसाचे वर्तन सुधारता येते हा त्या काळचा विश्वास दोघांच्याही अंगी मुरलेला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

चॅडविकच्या काळी ह्या नोंदीला अर्थही मोठा होता. क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी चेंडू अडवीत असत. १८७७ साली अल्बर्ट स्पॉल्डिंगसारख्या नामवंत खेळाडूने चामडी मोजा वापरण्यास आरंभ केला, तरीही मोजा सर्वत्र रूढ होण्यास पुढे बराच काळ जावा लागला. मैदानेही खडबडीत असत. एकेका सामन्यात चुकांची रास पडे, आणि कोणता संघ कमी चुका करतो यावर जयापजय पुष्कळ वेळा अवलंबून असे. आज मेजर लीगमधील क्षेत्ररक्षक हाताशी आलेल्या शंभर संधींपैकी अठ्ठ्याण्णवांहून अधिक संधी साधतात. चूक विरळ झाली. आणि ती जितकी विरळ झाली तितका तिच्याविषयीचा वाद अधिक बारीक होत गेला.

हा वाद समजण्यासाठी खेळाची थोडी माहिती पुरे. नव्वद फूट बाजू असलेल्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. पिचर चेंडू फेकतो, फलंदाज तो टोलवितो आणि पहिल्या बेसकडे धाव घेतो. चेंडू जमिनीवर पडण्यापूर्वी झेलला गेला, किंवा क्षेत्ररक्षकाने तो उचलून फलंदाजाच्या आधी पहिल्या बेसवर पोहोचविला, तर फलंदाज बाद. तीन गडी बाद झाले की त्या संघाची पाळी संपते. फलंदाजाला नव्वद फूट धावण्यास चार-साडेचार सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत क्षेत्ररक्षकाने चेंडू गाठावयाचा, उचलावयाचा, नेम धरावयाचा आणि फेकावयाचा. ह्या साखळीतील एखादा दुवा कच्चा राहिला की फलंदाज सुखरूप ठरतो, आणि गुणलेखकापुढे प्रश्न उभा राहतो.

प्रश्न सोडविण्यासाठी नियमपुस्तकाने त्याच्या हाती एकच मोजपट्टी दिली आहे. तिला 'सामान्य प्रयत्न' असे म्हणता येईल. सामान्य प्रयत्नाने जो फलंदाज बाद व्हावयास हवा होता तो क्षेत्ररक्षकाच्या हातून सुटला तर ती एरर; नाही तर हिट. हा शब्दप्रयोग नियमांत पूर्वीपासून होता, पण त्याची व्याख्या बऱ्याच उशिरा, २००७ साली, करण्यात आली. तिचा आशय असा, की त्या लीगमध्ये त्या जागेवर खेळणाऱ्या सरासरी कौशल्याच्या क्षेत्ररक्षकाकडून, मैदानाची व हवेची स्थिती लक्षात घेता, जेवढी अपेक्षा करावी तेवढा प्रयत्न म्हणजे सामान्य प्रयत्न. या व्याख्येतील प्रत्येक शब्द मोलाचा आहे. शालेय मुलांच्या सामन्यात जी एरर ठरणार नाही ती मेजर लीगमध्ये ठरते. पावसाने निसरड्या झालेल्या गवतावर सुटलेला चेंडू कोरड्या मैदानावर सुटलेल्या चेंडूसारखा मोजावयाचा नसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याच्या हातून चेंडू सुटला त्या विशिष्ट खेळाडूचे कौशल्य येथे विचारात घ्यावयाचे नसते. एखादा असामान्य शॉर्टस्टॉप दुसरा कोणी पाहतच राहिला असता अशा चेंडूवर झेप घेतो, चेंडू त्याच्या मोज्याला लागतो आणि निसटतो. नेहमी तो असे चेंडू पकडतो म्हणून गुणलेखकाच्या मनात एरर लिहिण्याचा मोह उत्पन्न होतो. व्याख्या त्याला आवरते. सरासरी माणूस त्या चेंडूपर्यंत पोहोचलाच नसता. तेव्हा ती हिट.

मोजपट्टीच्या भोवती नियमांनी अनेक बारकावे रचले आहेत, आणि त्यांपैकी काही सामान्य समजुतीला धक्का देणारे आहेत. चेंडूला हात लागला नाही तर एरर होत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. सरळ आलेला सरपटी चेंडू क्षेत्ररक्षकाच्या दोन पायांमधून निघून गेला, किंवा सहज झेलता येण्याजोगा उंच चेंडू त्याच्या शेजारी पडला, तर स्पर्श झालेला नसूनही गुणलेखक एरर लिहू शकतो. उलट, चेंडू जमिनीवरील खड्याला वा कडेला लागून एकाएकी विचित्र उसळला आणि क्षेत्ररक्षकाच्या खांद्याला आपटला, तर स्पर्श होऊनही ती हिट. क्षेत्ररक्षकाने चेंडू नीट पकडला पण तो उचलण्यात व फेकण्यात मंद ठरला, तर मंदपणा ही एरर नव्हे.

ह्याहून अधिक आश्चर्याची गोष्ट म्हणजे बुद्धीची चूक एरर मानली जात नाही. पहिल्या बेसचे रक्षण करण्यासाठी पिचरने धावत जावयास हवे होते आणि तो विसरून जागीच उभा राहिला, क्षेत्ररक्षकाने चेंडू भलत्याच बेसकडे फेकला, कोणी पुढे जावे ह्या संभ्रमात दोघे एकमेकांकडे पाहत राहिले, असल्या प्रसंगी प्रेक्षक हताशपणे कपाळावर हात मारून घेतात. पण गुणलेखक सहसा शरीराने केलेलीच चूक मोजतो. तीन गडी बाद झाले अशा समजुतीने, खरोखर दोनच बाद असताना, एखादा क्षेत्ररक्षक चेंडू प्रेक्षकांत भिरकावून देतो. ही चूक तर विसरभोळेपणाची. पण तिचे पर्यवसान शारीरिक कृतीत झाले म्हणून नियम तिला एरर मानतो. मनात घडलेल्या चुकांचा न्याय बाहेरून करता येत नाही, हे तत्त्व येथे असावे. ते समंजस आहे, पण त्याचा परिणाम कधीकधी विपरीत होतो, हेही खरे. उत्साहाने धावून गेलेल्याच्या नावे एरर लागते आणि गोंधळून उभा राहिलेला निष्कलंक राहतो.

एका बाबतीत तर नियम उघडपणे कठोर आहे. क्षेत्ररक्षकाची फेक अचूक होती, पण ती धावणाऱ्या खेळाडूच्या अंगाला वा बेसला लागून दूर गेली आणि त्या संधीचा लाभ घेऊन धावणारा एक बेस पुढे सरकला. अशा वेळी फेकणाऱ्याचा काहीच दोष नसतो. तरीही एरर त्याच्याच नावे लिहावी, जरी ती अन्यायाची वाटली तरी, असे नियमपुस्तक सांगते. कारण धावणारा जितके बेस पुढे गेला त्या प्रत्येकाचा हिशेब लागलाच पाहिजे. हे बोल एखाद्या खतावणी ठेवणाऱ्या मुनिमाला शोभणारे आहेत. जमेची आणि खर्चाची बाजू जुळली नाही तर रात्री त्याला झोप लागत नाही. मग न जुळणारी रक्कम कोणाच्या तरी खाती टाकावीच लागते.

खतावणीची ही उपमा पुढे नेली तर गुणलेखकाच्या एका अक्षराचे खरे वजन ध्यानात येते. त्या अक्षराने एक नव्हे, तीन खाती बदलतात. पहिले खाते फलंदाजाचे. त्याची सरासरी म्हणजे हिटच्या संख्येला फलंदाजीच्या संधींच्या संख्येने भागून येणारा आकडा. एररमुळे तो बेसवर पोहोचला तर ती संधी वाया गेलेलीच धरली जाते, जणू तो बादच झाला होता. पाचशे संधींत दीडशे हिट म्हणजे ०.३०० ही सन्मानाची सरासरी. एक हिट काढून घेतली की ती ०.२९८ होते. दुसरे खाते क्षेत्ररक्षकाचे. त्यात चूक चढते किंवा चढत नाही. तिसरे खाते पिचरचे, आणि तेच सर्वांत गुंतागुंतीचे. पिचरची योग्यता त्याने नऊ डावांमागे किती 'अर्जित' धावा दिल्या यावरून मोजतात. अर्जित म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांचे साहाय्य नसतानाही ज्या झाल्या असत्या अशा धावा. त्यासाठी गुणलेखकाला तो डाव मनातल्या मनात चुकांवाचून पुन्हा खेळवून पाहावा लागतो. समजा, दोन गडी बाद आहेत. एक सोपा सरपटी चेंडू शॉर्टस्टॉपच्या हातून सुटतो. पुढचा फलंदाज चेंडू थेट कुंपणाबाहेर टोलवितो. दोन धावा होतात. सुटलेल्या चेंडूला एरर म्हटले तर तिसरा गडी तेव्हाच बाद व्हावयास हवा होता, डाव तेथेच संपला असता, आणि म्हणून त्या दोन्ही धावा पिचरच्या माथी येत नाहीत. हिट म्हटले तर दोन्ही येतात. पुढच्या फलंदाजाचा तो प्रचंड टोला पिचरच्या चेंडूवरच बसला होता, ही गोष्ट ह्या हिशेबात कोठेच उरत नाही.

संशयाचा फायदा कोणाला, याविषयी नियम स्पष्ट आहे : फलंदाजाला. अतिशय उत्तम क्षेत्ररक्षण होऊनही फलंदाज बाद झाला नाही, तर हिट लिहिणे हा निर्धोक मार्ग, असाही सल्ला नियमातच दिलेला आहे. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. येथे आरोपी क्षेत्ररक्षक. आणि हिट लिहिली की फलंदाज व क्षेत्ररक्षक दोघेही संतुष्ट होतात. नुकसान होते ते पिचरचे, ज्याने ह्या प्रसंगात चेंडू फेकण्यापलीकडे काहीच केलेले नसते. गुणलेखकाच्या दाराशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत पिचर अनेकदा असतो, याचे नवल वाटावयास नको.

पिचरचा हा हितसंबंध एका प्रकारच्या सामन्यात शिगेला पोहोचतो. प्रतिस्पर्धी संघाला संपूर्ण सामन्यात एकही हिट मिळू न देणे हा पिचरच्या आयुष्यातील दुर्मीळ पराक्रम. त्याला 'नो-हिटर' म्हणतात. मेजर लीगच्या दीडशे वर्षांत, दोन लाखांहून अधिक सामन्यांत, असे सामने तीनशेहून थोडेच अधिक झाले आहेत. अशा सामन्यात एक संशयास्पद चेंडू आला की गुणलेखकाच्या पेन्सिलीवर इतिहासाचा भार पडतो.

२५ ऑगस्ट १९५२ रोजी न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये नेमके असे घडले. डेट्रॉइट टायगर्सचा पिचर व्हर्जिल ट्रक्स यांकीज संघाविरुद्ध चेंडू फेकीत होता. तिसऱ्या डावात यांकीजच्या फिल रिझुटोने शॉर्टस्टॉपकडे सरपटी चेंडू टोलविला. तेथे असलेला जॉनी पेस्की चेंडू हाताळताना अडखळला आणि रिझुटो पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला. त्या दिवशीचे गुणलेखक होते 'न्यू यॉर्क टाइम्स'चे वार्ताहर जॉन ड्रेबिंगर. त्यांनी प्रथम एरर दिली. शेजारच्या पत्रकारांशी चर्चा झाल्यावर त्यांनी निर्णय फिरवून हिट दिली. डावामागून डाव गेले. यांकीजच्या दुसऱ्या कोणालाही हिट मिळेना, आणि ती एकमेव हिट धावफलकावर अधिकाधिक ठळक दिसू लागली. अखेर ड्रेबिंगर यांनी खेळाडूंच्या कक्षात दूरध्वनी करून खुद्द पेस्कीलाच विचारले. चूक आपलीच होती, चेंडू आपल्या हातून निसटला, असे त्याने सांगितले. निर्णय पुन्हा बदलला. हिटची एरर झाली. ट्रक्सने उरलेले डाव निर्दोष काढले आणि सामना १–० असा जिंकून नो-हिटर पूर्ण केला. त्याच मोसमात मे महिन्यात त्याने पहिला नो-हिटर टाकला होता. तोही १–० असाच. त्या वर्षी त्याने एकंदर पाच सामने जिंकले आणि एकोणीस गमावले.

ड्रेबिंगर यांनी केले ते योग्य होते काय? आरोपीची साक्ष काढून निवाडा करणे वावगे नाही, असे म्हणता येईल. चेंडू मोज्यात कसा बसला हे मोजा घातलेल्याइतके दुसरे कोण जाणणार? पण साक्षीदार तटस्थ नव्हता. पेस्की ट्रक्सचाच सहकारी होता, आणि आपल्या नावे एक एरर लावून घेण्याच्या बदल्यात त्याच्या मित्राला अमरत्व मिळत होते. त्याचे उत्तर खरे असेलही. बहुतेक ते खरेच होते. परंतु सहाव्या-सातव्या डावात तो प्रश्न विचारला गेला याचे कारण एकच, की तोवर तो चेंडू महत्त्वाचा ठरला होता. यांकीजना पुढे चार-पाच हिट मिळाल्या असत्या, तर ड्रेबिंगर यांचा हात दूरध्वनीकडे वळण्याचे कारण नव्हते.

गुणलेखकाचा शब्द अंतिम असतो काय, ह्या प्रश्नाचे उत्तर त्याआधी तीस वर्षे एका विचित्र भांडणातून शोधावे लागले होते. मे १९२२ मध्ये न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर डेट्रॉइटच्या टाय कॉबने टोलविलेला एक चेंडू शॉर्टस्टॉप एव्हरेट स्कॉट याच्या हातून सुटला. अधिकृत गुणलेखक जॉन कीरन यांनी एरर लिहिली. असोशिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेसाठी तक्ता तयार करणारे फ्रेड लीब यांनी, ओल्या मैदानाचा विचार करून, हिट लिहिली. मोसम संपल्यावर बेरीज केली तेव्हा कळले की लीब यांची हिट धरली तर कॉबच्या ५२६ संधींत २११ हिट होतात आणि सरासरी ०.४०१ भरते; कीरन यांची एरर धरली तर २१० हिट होतात आणि सरासरी ०.३९९. चारशेची रेषा बेसबॉलमध्ये मोजक्यांनीच ओलांडलेली आहे, आणि कॉब ती तिसऱ्यांदा ओलांडीत होता. अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी हिट मान्य केली. बेसबॉल वार्ताहरांच्या संघटनेने निषेध केला. अधिकृत गुणलेखकाने जे लिहिले तेच प्रमाण मानावयाचे नसेल तर अधिकृत ह्या शब्दाला अर्थ काय, असा त्यांचा सवाल होता. त्या निषेधात स्वतः लीबही सामील होते. ज्यांनी हिट दिली त्यांनीच ती नाकारावी अशी मागणी केली! जॉन्सन बधले नाहीत. ०.४०१ कायम राहिले. त्या वर्षी जॉर्ज सिसलरची सरासरी ०.४२० होती, म्हणून कॉबला अव्वल क्रमांक मिळाला नाही; एवढ्यानेच वाद आणखी चिघळला नाही.

१९४१ साली जो डिमॅजिओ ह्याने सलग छप्पन्न सामन्यांत हिट मिळविण्याचा जो विक्रम केला, त्याच्या मुळाशीही असे एकदोन निवाडे आहेत. १७ जून रोजी तिसाव्या सामन्यात त्याचा सरपटी चेंडू अचानक उसळून शिकागोचा शॉर्टस्टॉप ल्यूक ॲपलिंग याच्या खांद्याला लागला. दुसऱ्या दिवशीही त्याच ॲपलिंगला त्याचा चेंडू वेळेत परतवता आला नाही. दोन्ही वेळा हिट देण्यात आली. विचित्र उसळीचा नियम पाहता पहिला निर्णय शास्त्रशुद्धच आहे. तथापि गुणलेखक न्यू यॉर्कचाच वार्ताहर होता, यांकीज हा त्याच्या गावचा संघ होता, आणि सगळे शहर त्या मालिकेकडे डोळे लावून बसले होते, ह्या गोष्टी तेव्हापासून आजवर वारंवार सांगितल्या गेल्या आहेत. १७ जुलै रोजी क्लीव्हलँडमध्ये केन केल्टनर ह्या तिसऱ्या बेसवरील खेळाडूने डिमॅजिओचे दोन जोरदार टोले अप्रतिम रीतीने अडविले आणि मालिका संपली. त्या दिवशी गुणलेखकाला काही ठरवावे लागले नाही.

वार्ताहरांनाच हे काम देण्याची प्रथा दीर्घकाळ चालली, आणि ती समजण्यासारखी होती. ते रोज सामने पाहत, नियम जाणत आणि थोड्या मानधनावर काम करीत. पण ज्याच्याविरुद्ध दुपारी एरर लिहिली त्याच खेळाडूची संध्याकाळी मुलाखत घ्यावयाची, हा प्रकार सुखाचा नव्हता. शिवाय ज्या घटनेचे वृत्त द्यावयाचे ती घटना स्वतःच घडवावयाची नाही, असा दंडक मोठी वृत्तपत्रे पाळू लागली. अनेकांनी आपल्या वार्ताहरांना गुणलेखनाची बंदी केली, आणि १९८० च्या सुमारास लीगनी स्वतंत्र गुणलेखक नेमण्यास सुरुवात केली. आज ह्या जागांवर निवृत्त पत्रकार, शिक्षक, प्रशिक्षक अशी माणसे आढळतात. चित्रफीत पुन्हापुन्हा पाहण्याची सोय त्यांना आहे, आणि चोवीस तासांच्या आत स्वतःचा निर्णय बदलण्याची मुभाही आहे. त्यानंतरही समाधान न झालेला खेळाडू किंवा संघ बहात्तर तासांत मेजर लीगच्या कार्यालयाकडे फेरविचाराची मागणी करू शकतो. मात्र निर्णय उघडपणे चुकीचा असल्याचे दिसले तरच तो फिरविला जातो.

'उघडपणे' ह्या शब्दाची किंमत २०१२ साली न्यू यॉर्क मेट्सच्या आर. ए. डिकीला कळली. १३ जून रोजी टँपा बे संघाविरुद्ध त्याने संपूर्ण सामन्यात एकच हिट दिली, आणि तीही पहिल्याच डावात. बी. जे. अपटनचा सरपटी चेंडू तिसऱ्या बेसवरील डेव्हिड राइटने मोज्याऐवजी उघड्या हाताने उचलण्याचा प्रयत्न केला आणि तो निसटला. मेट्स संघाने आपल्याच राइटच्या नावे एरर लावावी अशी विनंती केली. ती फेटाळण्यात आली. वार्ताहरांच्या कक्षांत एक अलिखित संकेत कधीकधी ऐकू येतो, की नो-हिटर मोडणारी पहिली हिट निर्विवाद असावी. पहिल्या डावात मात्र हा संकेत कोणाला आठवण्याचे कारण नसते. राइटने मोजा वापरला असता तर फेक वेळेत पोहोचली असती का, हे सांगता येत नाही. आणि जे निश्चित सांगता येत नाही तेथे हिट, हा नियमाचा आदेश आहे.

ह्या सर्व खटाटोपाच्या मुळावरच घाव घालणारा आक्षेप कॅन्सासमधील बिल जेम्स ह्या अभ्यासकाने १९७७ साली आपल्या पहिल्या पुस्तिकेत घेतला. बेसबॉलमधील इतर प्रमुख आकडे काय घडले ते सांगतात, तर एरर हा आकडा काय घडावयास हवे होते याविषयी पाहणाऱ्याचे मत सांगतो, असा त्याचा रोख होता. आक्षेपाची दुसरी बाजू अधिक व्यावहारिक आहे. चेंडूपर्यंत जो पोहोचतच नाही त्याच्या हातून चूक होत नाही. मंदगती क्षेत्ररक्षकाच्या दोन पावलांवरून चेंडू निघून जातो, गुणलेखक निमूटपणे हिट लिहितो, आणि वर्षाअखेरीस तोच क्षेत्ररक्षक निर्दोष म्हणून गणला जातो. चपळ खेळाडू दोन पावले अधिक धावतो आणि त्यामुळेच कधी तरी अडखळतो. एररच्या आकड्यावरून दोघांची तुलना केली तर उत्तर उलटे येते. म्हणून क्षेत्ररक्षकाने किती चुका केल्या यापेक्षा त्याने किती चेंडू गाठले आणि किती गडी बाद केले हे पाहावे, असा आग्रह जेम्सने धरला, आणि संघांचे व्यवस्थापक पुढे त्याच दिशेने गेले.

२०१५ पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर यंत्रांच्या साहाय्याने प्रत्येक टोल्याचा वेग व कोन मोजला जातो. त्या वेगाचे व कोनाचे पूर्वीचे हजारो टोले ताडून पाहून असा टोला शंभरातून किती वेळा हिट ठरतो, हेही यंत्र क्षणार्धात सांगते. संघ आपल्या खेळाडूंचे मोल ह्या आकड्यांवरून करतात. यंत्राला 'सरासरी क्षेत्ररक्षक' माणसापेक्षा पुष्कळ बरा ओळखता येतो, यात शंका नाही. तरीसुद्धा धावफलकावरील तिसऱ्या घरातील आकडा अद्याप यंत्राच्या स्वाधीन झालेला नाही. चेंडू सुटतो, फलंदाज पहिल्या बेसवर उभा राहतो, प्रेक्षक वर फलकाकडे पाहू लागतात. वार्ताहर कक्षातील मनुष्य दृश्य एकदोन वेळा पुन्हा पाहतो, शॉर्टस्टॉपचा क्रमांक सहा म्हणून वहीत 'ई ६' असे दोन चिन्हांत लिहितो, आणि समोरच्या ध्वनिवर्धकात तेच वाचून दाखवितो.